पाळणाघरात माणूस घेताना: ताई, मावशी, व्हॅनचे काका आणि शनिवारचे पाहुणे यांची पडताळणी

पाळणाघरातली कर्मचाऱ्यांची फाइल उघडली की बहुधा दोनच गोष्टी सापडतात: आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो. कुणीतरी ‘आमच्या ओळखीतल्या आहेत’ असे सांगितलेले असते, जूनची गर्दी असते, आणि ताई सोमवारपासून कामाला लागतात. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा. त्याखालच्या पॉक्सो नियम २०२० मधल्या तिसऱ्या नियमाच्या चौथ्या पोटनियमाला हे चालत नाही. शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादमी अशा सगळ्या ठिकाणी मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी ठराविक काळाने झालीच पाहिजे, असे तो सांगतो. कर्मचारी शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, सुटका कुणाचीच नाही.

त्या वाक्यात दोन वेगळी कामे आहेत. पोलीस पडताळणी पोलीस करतात. पार्श्वभूमीची तपासणी मात्र तुम्हालाच करायची आहे, आणि सगळ्यात जास्त हेच काम राहून जाते. हातात पोलिसांचा दाखला आला की पडताळणी संपली असे वाटते. त्या दाखल्याचा अर्थ एवढाच की त्या कार्यालयाच्या नोंदींत त्या नावावर गुन्हा सापडला नाही. ज्याची तक्रार कधी कुणी केलीच नाही, त्याचाही दाखला निरंकच येतो.

पूर्ण पडताळणीला चार ते सहा आठवडे धरा. जूनसाठी माणूस हवा असेल तर एप्रिलच्या मध्यावर सुरुवात करा.

यादीत कोण कोण

ताई, मदतनीस, मावशी, स्वयंपाकीण ही नावे लगेच आठवतात. सुटतात ती पुढची: सफाईला येणारा, रात्रपाळीचा आणि दिवसाचा वॉचमन, व्हॅनचे काका आणि त्यांच्या रजेच्या दिवशी येणारा बदली चालक, आठवड्यातून एकदा येणारे नृत्याचे किंवा कराटेचे सर, इंटर्नशिपला आलेल्या विद्यार्थिनी.

पाळणाघर राहत्या घरात चालत असेल तर आणखी एक यादी लागते आणि ती करताना संकोच होतो. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंचे पती, मोठा मुलगा, दीर, सासरे, वरच्या खोलीतला भाडेकरू. मुले ज्या घरात आठ-आठ तास असतात, तिथे ही माणसे दुपारी जेवायला येतात, आजारी असली की घरीच थांबतात. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचे नाव यादीत लिहा आणि पालकांना ती यादी दाखवा. यांपैकी कुणीही मुलांना न्हाणीघरात नेणार नाही, कुणीही मुलांसोबत एकटे थांबणार नाही, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या. चांगल्या पालकांना हे वाचून धीर येतो.

कंत्राटदारामार्फत येणाऱ्यांची पडताळणी कंत्राटदार करतो हा समज धोक्याचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात ज्याच्यावर आरोप झाला, तो त्याच महिन्याच्या सुरुवातीला कंत्राटी पद्धतीने आलेला सफाई कर्मचारी होता. त्यानंतर शालेय शिक्षण विभागाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शाळांसाठी शासन निर्णय काढला. तुमच्या करारात एक ओळ असू द्या: ‘आमच्या लेखी मंजुरीशिवाय बदली व्यक्ती पाठवल्यास तिला आत घेतले जाणार नाही आणि त्या दिवसाचे बिल दिले जाणार नाही.’ बिलाचा उल्लेख नसला तर ती ओळ कुणी पाळत नाही.

अर्जाचा कागद

बायोडेटा घेऊन थांबू नका. स्वतःचा दोन पानी अर्ज छापा आणि उमेदवाराला तो समोर बसून भरायला द्या. लिहिता येत नसेल तर तुम्ही विचारून लिहा, वाचून दाखवा आणि मग सही किंवा अंगठा घ्या. त्यात हे हवे:

– पूर्ण नाव, लग्नाआधीचे नाव, घरात हाक मारतात ते नाव
– गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, महिन्यांसकट
– गेल्या पाच वर्षांतली सगळी कामे, महिन्यांसकट, आणि सोडण्याचे कारण
– दोन संदर्भ, त्यातला एक तरी आधीच्या कामाच्या ठिकाणचा. नातेवाईक चालणार नाही
– गुन्हा, अटक, चालू खटला किंवा मुलांबाबत तक्रार झाली होती का, याचे स्वयंघोषणापत्र
– पडताळणीला आणि आधीच्या ठिकाणी फोन करायला लेखी संमती

लग्नाआधीचे नाव मागायचे कारण साधे आहे. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते, काही घरांत पहिले नावही बदलतात. तिशीतल्या बाईंच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एक अक्षरही जुळत नाही, असे सर्रास होते. फक्त नव्या नावाने शोध घेतला तर आधीची सगळी वर्षे तपासणीबाहेर राहतात. इंग्रजी स्पेलिंगचेही तसेच. गायकवाड तीन-चार प्रकारे लिहितात. कागदांवर सापडतील ती सगळी स्पेलिंगे अर्जाच्या मागे लिहून ठेवा.

आता महिने जुळवा. समजा अर्जात ‘जून २०१९ ते मार्च २०२१ पाळणाघर’ आणि पुढे ‘जानेवारी २०२२ पासून सोसायटीत घरकाम’ असे आहे. मधले नऊ महिने कोरे आहेत. बाळंतपण, सासूचे आजारपण, गावाला जाणे, यांपैकी काहीही असू शकते आणि बहुतेकदा तसेच असते. तरी विचारायचे, उत्तर तिथेच लिहायचे आणि त्या काळात भेटलेल्या एका माणसाचा नंबर घ्यायचा. वर्षांचे आकडे घेऊन महिने सोडले की अशी फट दिसतच नाही.

ओळखीसाठी आधार कार्डावरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) ॲपने स्कॅन करा. स्क्रीनवर आलेले नाव आणि फोटो समोरच्या माणसाशी ताडून बघा. झेरॉक्सवरचा फोटो बदलणे सोपे आहे, कोडमधली माहिती बदलली तर स्कॅन करताना कळते. फाइलमध्ये आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत पुरते.

फोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन ठिकाणी फोन, प्रत्येकी पंधरा मिनिटे.

पहिली चूक नंबरात होते. उमेदवाराने दिलेल्या नंबरवर फोन लावला की तिकडून ‘हो, आमच्याकडे होत्या, फार चांगल्या’ असे ऐकू येते, आणि बोलणारी तिची मावसबहीण असू शकते. आधीच्या पाळणाघराचा नंबर तुम्ही स्वतः शोधा: बोर्डावरून, नकाशावरून, तिथल्या एखाद्या पालकाकडून. जवळ असेल तर सरळ जाऊन या. घरकामाचा संदर्भ असेल तर सोसायटीच्या गेटवरच्या नोंदवहीत त्या बाईंचे नाव होते का, ते विचारता येते.

दुसरी चूक प्रश्नात. ‘कशा होत्या हो?’ याला उत्तर एकच येते. कारण आपल्याकडे कुणाच्या पोटावर पाय आणायला कुणी तयार नसते. म्हणून मत विचारू नका, घडलेले विचारा:

‘तुमच्याकडे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत होत्या?’ (तारखा आधी. अर्जाशी जुळतात का बघा.)
‘किती वयाची मुले त्यांच्याकडे होती? शी-शू, आंघोळ त्या करायच्या का?’
‘मूल जेवायला बसत नसेल तेव्हा त्या काय करायच्या?’
‘कुठल्या पालकांनी त्यांच्याबद्दल काही सांगितले होते का?’
‘काम का सुटले?’
‘आज तुमच्याकडे जागा रिकामी असती तर त्यांना परत घ्याल का?’

शेवटचा प्रश्न विचारून गप्प बसा. ‘हो, लगेच’ आणि ‘आता काय सांगू… तसे चांगल्याच होत्या’ या दोन उत्तरांत फार अंतर आहे. समोरची व्यक्ती अडखळली तर घाई न करता एवढेच म्हणा, ‘माझ्याकडे दीड वर्षांची मुले आहेत ताई, त्यांना काही झाले तर मला बोलून सांगता येत नाही.’ पुढचे बहुतेकदा आपोआप येते. जे येईल ते त्यांच्याच शब्दांत लिहा, तारीख-वेळ टाका, सही करा. ‘संदर्भ समाधानकारक’ असा शेरा मारलेला कागद दोन वर्षांनी वाचला तर काहीच सांगत नाही.

एक फोन गोड आणि दुसरा तुटक आला तर तिसरा लावा.

समोरासमोर

मुलाखत दोघांनी मिळून घ्या, अर्धा तास पुरे. मुलांची आवड आहे का, हे विचारू नका, कुणीच नाही म्हणत नाही. प्रसंग द्या. ‘दोन वर्षांचा मुलगा तासभर रडतोय, बाकीची सहा झोपलीत, तुम्ही खोलीत एकट्या आहात. काय कराल?’ चांगल्या उत्तरात उचलून घेणे असते, बाहेर फिरवणे असते आणि ‘तुम्हाला हाक मारीन’ हे असते. ‘थोडा धाक लागतोच’ असे आले तर तिथेच थांबा आणि विचारा, धाक म्हणजे नेमके काय? अंधाऱ्या खोलीची भीती, चिमटा, तोंडावर हात, हे सगळे याच शब्दामागे लपते.

आणखी दोन प्रसंग: लंगोट बदलताना दार उघडे ठेवायचा नियम आहे, तुम्हाला तो कसा वाटतो? आणि, दुसऱ्या ताईंनी मुलाला चापट मारलेली तुम्ही पाहिलीत, पण त्या तुमच्या शेजारीण आहेत, तर? दारांचे नियम, फोनचे नियम, मुलांजवळ दोन मोठी माणसे असण्याचे नियम ऐकून जो चिडतो किंवा त्यातून सूट मागतो, त्याच्याबाबत थांबलेले बरे.

जात, धर्म, गाव, भाषा, नवऱ्याने सोडलेली, वस्तीत राहणारी, यांतले काहीही पडताळणीत बसत नाही. ‘घराणे चांगले’ म्हणून न तपासता घेतलेला माणूस हाच खरा धोका आहे. दर वर्षी कुठे ना कुठे तो समोर येतो.

पोलीस पडताळणी

महाराष्ट्रात चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज होतो. उमेदवाराची माहिती भरायची, तो राहतो त्या भागाचे आयुक्तालय किंवा जिल्हा निवडायचा, फोटो, ओळखीचा, पत्त्याचा आणि वयाचा पुरावा जोडायचा, शुल्क भरायचे, आणि बोलावले की मूळ कागद घेऊन ठाण्यात जायचे. उमेदवाराला एकटे पाठवू नका, जमेल तर संस्थेतले कुणीतरी बरोबर जा. रोजावर काम करणारी बाई दोन फेऱ्या फुकट गेल्या की तिसऱ्यांदा जात नाही. शुल्क आणि जाण्या-येण्याचे भाडे संस्थेने द्यावे.

संस्थेच्या लेटरहेडवरचे पत्र नेमके लिहा: ‘सदर व्यक्तीची नेमणूक आमच्या पाळणाघरात ६ महिने ते ६ वर्षे वयाच्या मुलांच्या संगोपनासाठी मदतनीस म्हणून करावयाची आहे. पॉक्सो नियम २०२०, नियम ३(४) नुसार पडताळणी व्हावी ही विनंती.’ नुसते ‘खाजगी नोकरीसाठी’ लिहू नका. पत्रात लग्नाआधीचे नावही टाका.

अर्ज अडकतो तो बहुधा पत्त्यावर. आधारवर गावचा पत्ता आणि राहणे विरारच्या भाड्याच्या खोलीत. अर्ज सध्याच्या पत्त्यावरून करा आणि भाड्याचा कोणता पुरावा चालेल हे ठाण्याच्या गोपनीय कक्षात आधी विचारून घ्या. पाच वर्षांत दुसरा जिल्हा किंवा दुसरे राज्य असेल तर तिथलीही पडताळणी मागा. चार महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाचा इथला कोरा दाखला चार महिन्यांपुरताच बोलतो. पासपोर्ट कार्यालयाचे पोलीस क्लिअरन्स परदेशी जाण्यासाठी असते, ते इथे लावू नका. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफही घेऊ नका. मूळ प्रमाणपत्र बघा आणि त्यावरच्या क्रमांकाची खात्री करून घ्या.

सोबत न्यायालयांच्या ई-कोर्ट संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा. जिल्हा आणि न्यायालय निवडून एकेक वर्ष टाकावे लागते, म्हणून माणशी अर्धा तास धरा. सगळी स्पेलिंगे टाकून बघा. सारख्या नावाचे लोक खूप असतात, त्यामुळे काही सापडले तर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. काही सापडले नाही तर त्यावरही विसंबू नका. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, पण ती फक्त तपास यंत्रणांसाठी आहे. ‘त्या यादीतून तपासून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीला पैसे देऊ नका.

काही निघाले तर

गुन्हा नोंद होणे म्हणजे शिक्षा नव्हे. मोर्च्यात जमावबंदीचा भंग, शेजाऱ्याशी नळावरून भांडण, चेक न वटणे, असल्या नोंदींवरून कुणाची भाकरी काढून घेऊ नये. मुलांवरचा कोणताही गुन्हा, लैंगिक गुन्हा, अपहरण किंवा मानवी तस्करी, अमली पदार्थ, गंभीर मारहाण, यांत शिक्षा झालेली असेल किंवा खटला चालू असेल तर मात्र मुलांजवळचे काम नाही. इथे तडजोड नको. मधल्या प्रकारांत उमेदवाराला समोर बसवून विचारा, कागद मागा, आणि निर्णय दोघांनी मिळून कारणासह लिहून ठेवा. स्वयंघोषणापत्रात जी गोष्ट लपवली आणि मग सापडली, तिचे वजन त्या गोष्टीपेक्षा जास्त धरा.

दाखला हातात येईपर्यंत

दाखल्याला उशीर होतो, माणूस तर आज हवा असतो. मग स्वयंपाकघर, साफसफाई, नोंदवही ही कामे द्या. मुलांजवळ जायचे तर पडताळणी झालेली व्यक्ती त्याच खोलीत, दिसेल अशी हवी. शी-शू, आंघोळ, झोपवणे, व्हॅन, ही चार कामे दाखल्याआधी नाहीत. वेगळ्या रंगाचा ॲप्रन द्या, म्हणजे पालकांनाही कळते.

दाखला आल्यावरही पहिले तीन महिने लक्ष ठेवा. आठवड्यातून दोनदा, वेळ बदलून, विशेषतः दुपारी एक ते तीन या झोपेच्या वेळी, न सांगता खोलीत जा. मुले तिच्या जवळ जाताना अंग चोरतात का, एकच मूल सारखे वेगळे नेले जाते का, लंगोट बदलायला लागणारा वेळ वाढलाय का, हे बघा. कॅमेरा लावला म्हणजे हे झाले असे नव्हे. खारघरच्या पाळणाघरात नोव्हेंबर २०१६ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती, पण मारहाण थांबली नव्हती. रोज कुठल्याही दोन वेळांचे दहा-दहा मिनिटांचे चित्रण बघायचे आणि वहीत सही करायची, एवढे काम एका माणसाच्या नावाने लावून द्या.

स्वयंसेवक आणि पाहुणे

नियम कर्मचाऱ्यांबद्दल बोलतो, पण मुलाला पगारी आणि बिनपगारी हा फरक माहीत नसतो. एक दिवसासाठी येणाऱ्यांना, म्हणजे कंपनीचा गट, वाढदिवसाला खाऊ वाटणारे, छायाचित्रकार यांना, ओळखपत्र, नोंदवही आणि सतत सोबत एक ताई एवढे पुरे. मांडीवर घेणे नाही, स्वतःच्या फोनवर मुलांचे फोटो नाहीत. महिन्यातून दोनदा किंवा जास्त वेळा येणाऱ्याला मात्र कर्मचाऱ्यासारखाच अर्ज, दोन फोन, पोलीस दाखला. ‘सेवा करायला आलोय आणि माझ्यावर संशय?’ असे कुणी म्हणाले तर नम्रपणे सांगा की संस्थाचालकांचीही पडताळणी झाली आहे, आणि फाइल दाखवा. म्हणून आधी स्वतःची करून घ्या.

व्हॅनसाठी चालकाचा परवाना आणि गाडीची कागदपत्रे एमपरिवहन ॲपवर बघा, बदली चालकाचेही नाव आधी घ्या, आणि शेवटचे मूल उतरेपर्यंत बाई मदतनीस गाडीत हवीच.

फाइल, फेरतपासणी आणि निरोप

प्रत्येकाची वेगळी फाइल, कुलूपबंद कपाटात, किल्ली दोघांकडेच. नियमात ‘ठराविक काळाने’ म्हटले आहे. आमच्या मते पोलीस पडताळणी दर दोन वर्षांनी आणि स्वयंघोषणापत्र दर जूनमध्ये नवे घ्यावे. पत्ता बदलला की लगेच.

आणि निरोप. ताईंबद्दल काही कानावर आले, पुरावा नाही, बोभाटा नको, म्हणून महिन्याचा पगार देऊन गुपचूप घरी पाठवले, असे फार होते. लैंगिक अत्याचार झाल्याची किंवा होण्याची शंका जरी असली तरी पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ नुसार एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. मारहाण किंवा छळ असेल तर बाल न्याय कायद्याचे कलम ७५ लागते, संस्थेतल्या माणसाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. ११२ (पोलीस) किंवा १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) वर फोन करा. आपण स्वतः चौकशी करत बसू नका, मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, त्या दिवसाचे चित्रण पुसले जाण्याआधी काढून ठेवा.

साध्या कारणाने कुणी जात असेल तरी एक पान भरा: किती महिने काम, कोणत्या वयाची मुले, तक्रारी किती आणि कोणत्या, परत घेऊ का. सहा महिन्यांनी दुसऱ्या पाळणाघरातून तुम्हाला फोन येईल, ‘कशा होत्या हो?’ तेव्हा ते पान काढा आणि त्यावर जे लिहिले आहे ते वाचून दाखवा.